एसी केबिन, डिझेल इंजिन आणि आईचे गुडघे

चौघांत मिळून सेकंड हँड कार घेणं वेगळं आणि बोट घेणं वेगळं. कार बंद पडली तर ती बाजूला लावून चहा प्यायला जाता येतं. समुद्रात ‘बाजूला’ नावाची जागाच नसते. तरीही गेल्या वर्षी आमच्या ऑफिसच्या ग्रुपला बोटीचं वेड लागलं. २७ फुटी, २०० हॉर्सपॉवरचं एकच डिझेल इंजिन, वर चारी बाजूंनी काच असलेली केबिन. प्रत्येकी सहा लाख. माझी डिग्री मेकॅनिकलची (आता दिवसभर एक्सेल शीट हाकतो ते सोडा), म्हणून ट्रायल घ्यायची जबाबदारी माझ्या गळ्यात.

माझा स्वार्थ जरा वेगळा होता. आमचं गावचं घर अलिबागजवळ. आईला पेण-वडखळचा रस्ता सोसत नाही आणि गेटवेच्या लाँचमध्ये चढताना तिचे गुडघे संप पुकारतात. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो आहे, पण ती तिच्या वेळेला सुटते आणि माझा शुक्रवार त्या वेळेत कधी बसत नाही. त्यामुळे बाकीचे तिघे ‘टॉप स्पीड किती?’ विचारत होते, तेव्हा मी टेप घेऊन कठड्याची उंची मोजत होतो.

पहिली चांगली गोष्ट तिथेच सापडली. बोटीच्या कुशीला छोटं फाटक आहे. ते उघडलं की एकच पायरी, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडू शकतो. धक्क्याची पायरी कधी गुडघ्याशी येते, कधी डोक्यावर. अशा ठिकाणी हे फाटक म्हणजे लाख रुपयांची गोष्ट.

डिझेलबद्दलही माझी तक्रार नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एक ठिणगी पुरते. डिझेल नेहमीच्या तापमानाला तसं पेट घेत नाही. रात्री केबिनमध्ये झोपणाऱ्याला एवढं कारण पुरे.

आम्ही पोहोचलो तेव्हा मालक म्हणाला, “तुमच्यासाठी इंजिन गरम करून ठेवलंय.” फारच प्रेमळ माणूस! इंजिनची खरी तब्येत थंड असतानाच कळते. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत गेलो. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं, पांढरा धूर मिनिटभरात विरला. इथे मालक पास.

मग मांडव्याच्या दिशेने निघालो. आता जरा गणित, कंटाळू नका. पाण्याला टेकणाऱ्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा. आमची लांबी २५ फूट, म्हणजे ६.७ नॉट, ताशी साधारण साडेबारा किलोमीटर. इथपर्यंत बोट पाणी कापत निवांत जाते. त्यापुढे ती स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढायला लागते आणि पुरेसा जोर दिला की पाण्यावर उचलली जाते. आमच्या मीटरवर साडेसहा नॉटला तासाला सहा लिटर डिझेल, अकराला बावीस, अठराला चौतीस. भागाकार केला तर अकरा नॉटला मैलामागे अठराइतकंच डिझेल जळतं, आणि वर नाळ एवढी उचलते की सुकाणूपाशी बसलेल्याला समोर फक्त आकाश दिसतं. म्हणजे या बोटीत आरामात जा नाहीतर सुसाट जा. मधलं काही नाही.

पूर्ण थ्रॉटलला कंपनीच्या हिशोबाने ३८०० आरपीएम यायला हवेत. आले ३५००, सोबत काळा धूर. एकतर तळाला शिंपले-शेवाळ चिकटलंय, किंवा पंखा चुकीच्या मापाचा आहे, किंवा इंजिनला हवा कमी पडतेय. “तळ घासला की होईल,” मालक म्हणाला. होईलही. पण बोट पाण्याबाहेर काढून दाखवल्याशिवाय मी ते मानणार नाही.

परतताना दुपारचा वायव्येचा वारा सुटला आणि अठरा नॉटला नाळ अशी आपटायला लागली, की आमच्यातल्या सीएने डोळे मिटून घेतले. आठवर आणलं तेव्हा बोलता यायला लागलं.

केबिनमध्ये मात्र मी वैतागलो. चारी बाजूंनी काच आणि दोनच छोट्या खिडक्या उघडणाऱ्या: ही डिझाइन उत्तर युरोपातल्या थंड समुद्राची, जिथे ऊन पकडायचं असतं. आपल्याकडे त्याचा प्रेशर कुकर होतो. जाहिरातीत एसी होता. तो किनाऱ्याच्या विजेवरच चालतो, जनरेटर नाही, आणि बोट असते समुद्रात बोयाला बांधलेली!

सगळ्यात मोठा घोळ सोफ्याखाली आहे. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी एका जाळीतून आत येतं. त्या जाळीपर्यंत हात घालायला टेबल सोडवायचं, चार स्क्रू काढायचे, मग फळी उचलायची. मुंबईच्या पाण्यात! आमच्यासोबतचा तांडेल एवढंच म्हणाला, “साहेब, पिशवी अडकणार. आज नाय तर उद्या.” अडकली की इंजिन तापणार आणि तुम्ही वाहत्या ओहोटीत स्क्रू-ड्रायव्हर शोधणार. आई सोबत असताना मला ते नकोय.

म्हणून माझे सहा लाख दोन अटींवर: बोट बाहेर काढून ३८०० आरपीएम दाखवा आणि जाळीवर हाताने उघडणारं झाकण करून द्या. बाकीच्या तिघांना मी खेळ बिघडवतोय असं वाटतं. पावसाळ्यात बोट तशीही बाहेर काढावीच लागते, तेव्हा बघू की, असं त्यांचं म्हणणं.

आईला मी फाटकाचं कौतुक सांगितलं. तिने विचारलं, “आत संडास आहे ना रे?” आहे. पण वाकून शिरावं लागतं आणि उठताना धरायला काही नाही. मग यादीत तिसरी अट आली, भिंतीला स्टीलची दांडी. पहिल्या दोन अटींवर मालकाने अजून उत्तर दिलेलं नाही. दांडी मात्र लगेच बसवून देतो म्हणाला.