तूर रडत नाही

आमच्या बोरी अरबच्या काळ्या वावरात तूर एकटी क्वचितच असते. कपाशीच्या नाहीतर सोयाबीनच्या काही ओळींनंतर तिचं एक तास. पेरणीला महिना-दीड महिना झाला की तिचे शेंडे खुडायचे. वरची दोन-तीन बोटं पुरेत. अंगठ्याचं नख आणि पहिलं बोट यांत शेंडा धरायचा, जरासा मुरडायचा. वेळेवर आला असाल तर तो कट्टकन तुटतो. सालटं ओढावं लागलं तर समजायचं, उशीर झाला. दुपारपर्यंत नखं काळी-हिरवी होतात.

पहिल्यांदा आईनं या कामाला लावलं तेव्हा माझा हात उचलेना. पावसाची वाट पाहून उगवलेलं झाड, त्याचंच डोकं मोडायचं? आई पुढच्या तासातून म्हणाली, "खुड ना बापा. तूर रडत नाई, फाकते." थोड्याच दिवसांत पाहिलं तर पानांच्या बेचक्यात निजलेले डोळे फुटले होते. जिथं एकच खोड सरळ वर चाललं होतं, तिथं फांद्या निघाल्या होत्या. जितक्या फांद्या तितकी शेंगांना जागा, हे गणित आईला पाठ होतं.

त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक खोडातून खाली वाहतं. ते वाहतंय तोवर खोडात सायटोकायनिन बेतानंच तयार होतं, आणि डोळ्यातल्या पेशींचं विभाजन सुरू करणारं संप्रेरक तेच. शेंडा गेला की वरचा ओघ आटतो, पेरापाशी सायटोकायनिन वाढतं, शेंड्याच्या वाट्याची साखरही डोळ्यांना मिळते. हे वाटाण्यावरच्या प्रयोगांत दिसलं. वाटाणा तर तुरीच्याच कुळातला.

पेशीत पुढं जे घडतं ते मला हातोहात टोपली देण्यासारखं वाटतं. एक प्रथिन सायटोकायनिनला धरतं, मग फॉस्फेट एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात केंद्रकापर्यंत पोचतं. तिथं नवे हुकूम सुटतात, सायक्लिन नावाची प्रथिनं वाढतात आणि विभाजन अडवून बसलेल्या प्रथिनाला बाजूला सारतात. गंमत अशी की हाच निरोप त्याला आवर घालणारी प्रथिनंही तयार करवतो. सुटताना कासरा हातात ठेवायचा, हे झाडालाही ठाऊक.

ऑक्सिनचंही असंच. टीआयआर-१ हे प्रथिनच ऑक्सिनला धरतं, असं २००५ साली दोन संशोधक गटांनी दाखवलं. त्यानं ऑक्सिन धरलं की वाढीची जनुकं दाबून ठेवणारी प्रथिनं मोडीत निघतात. ऑक्सिन सरलं की ती पुन्हा साचतात, कासरा पुन्हा ताणला जातो.

तो पुन्हा ताणला गेला नाही तर काय होतं, ते मी माझ्याच चुकीनं पाहिलं. एका पावसाळ्यात धुऱ्यावरच्या गाजरगवतावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलं. पंप दोनदा पाण्यानं खळबळला आणि त्यातूनच पऱ्हाटीवर किडीचं औषध फवारलं. पुढं जी नवी पानं आली ती भेंडीच्या पानासारखी, बोटं-बोटं फाटलेली. शिरा जाड, शेंडे वाकडे. मी आधी रोग समजलो. टू-फोर-डी हा ऑक्सिनचा सोंगाड्या. टीआयआर-१ त्याला खरं ऑक्सिन समजूनच धरतं. स्वतःचं ऑक्सिन झाड काम झाल्यावर मोडून टाकतं. हा सोंगाड्या पऱ्हाटीला लवकर मोडता येत नाही. कपाशी तर त्याला इतकी हळवी की पंपात उरलेला अंशही पुरला.

आता गावोगाव बॅटरीवरची खुडणी यंत्रं आली आहेत. माणसं मिळत नाहीत, त्यामुळं मीही वापरतो. तरी धुऱ्याकडची दोन तासं मी हातानंच खुडतो. डोळे झाडात आधीपासून असतात, साखर झाडाची, निरोप झाडाचे. माझ्याकडे फक्त वेळ साधायचं काम असतं. आईनं तेवढंच शिकवलं होतं.

आणि एक सांगतो, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. त्यावर लाल रंगानं मोठी फुली मारून ठेवा, म्हणजे घाईतही चुकणार नाही.