काढून ठेवलेले हातमोजे

आगीत शिरताना अग्निशामकाच्या अंगावर जे जे असतं, त्यातलं बहुतेक सगळं एकदा चढवलं की वर्दीवरचं काम संपेपर्यंत निघत नाही. हेल्मेट डोक्यावर राहतं, कोट अंगात, गमबूट पायात. हातमोजे तेवढे मध्येच निघतात. वॉकीटॉकीचं बटण दाबायचं असतं, दोराची गाठ सोडायची असते, श्वसनसंचाची झडप फिरवायची असते. बोटांना काही कळेनासं झालं की माणूस हातमोजा काढतो, आणि भाजतो तो नेमका त्याच वेळी. एका महापालिकेच्या अग्निशमन दलात मी बरीच वर्षं केंद्रप्रमुख होतो, साधनखरेदीच्या समितीवरही होतो. ही साधी गोष्ट मला फार उशिरा कळली. तोवर आमच्या जवानांच्या हातात जे हातमोजे आले, ते माझ्या सहीने आले.

सुरुवात तांत्रिक अटींपासून झाली. दुसऱ्या एका महापालिकेच्या जुन्या निविदेतला मजकूर मी जसाच्या तसा उचलला. त्यात ईएन ६५९ हे युरोपीय मानक होतं, थर किती हवेत ते होतं, रंग होता, आणि मापाच्या रकान्यात ‘लार्ज’ एवढा एकच शब्द होता. आता आपल्याकडे अग्निशामकांच्या हातमोज्यांसाठी आयएस १६८७४ हे स्वतंत्र भारतीय मानक आहे. तेव्हा ते नव्हतं, ईएनवरच काम चालायचं. दोष मानकाचा नव्हता. मी ते अर्धंच वाचलं.

उष्णतेचे आकडे मात्र मी पाठ केले होते. ज्वाळेसमोर धरल्यावर हातमोज्याच्या आतलं तापमान २४ अंशांनी चढायला किमान १३ सेकंद लागले पाहिजेत, असं त्या मानकात आहे. २४च का, तर हाताच्या त्वचेचं तापमान ३२च्या आसपास धरलं, तर तेवढी वाढ झाल्यावर ते ५५च्या पुढे जातं आणि फोड येण्याइतकं भाजतं. २५० अंश तापलेल्या धातूचा स्पर्श किमान १० सेकंद सोसला पाहिजे, हेही त्यात आहे. हे आकडे वाचून मला वाटलं, ज्याचा आकडा मोठा तो हातमोजा चांगला. समितीत मी तसं ठामपणे मांडलं. आलेल्या नमुन्यांतला सर्वात जाड हातमोजा निवडला गेला.

त्याच मानकात बोटांच्या हालचालीचीही एक चाचणी आहे. हातमोजा घालून धातूच्या लहान दांड्या उचलायच्या. ५ मिलिमीटर जाडीची उचलता आली तर पाचवी पातळी, ११ मिलिमीटरचीच जमली तर पहिली. अग्निशमनाचा हातमोजा पहिल्या पातळीवरही उत्तीर्ण होतो. आम्ही घेतलेला पहिल्याच पातळीचा होता. चाचणी अहवालात ती ओळ स्पष्ट छापलेली होती आणि मी तिच्यावरून पुढे गेलो. नमुना तपासला तो बैठकीच्या खोलीत, पंख्याखाली, नवा आणि कोरडा. मी तो घातला, मूठ मिटून पाहिली, टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, पेन धरून सही करता येते का ते पाहिलं. सगळ्यांनी मान डोलावली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात प्लास्टिकच्या भंगाराच्या एका गोदामाला आग लागली. पहिल्या मजल्यावर नेलेली होज मध्येच फाटली. पथकातला एक तरुण फायरमन फाटलेली होज काढून दुसरी जोडत होता. आमच्या ६३ मिलिमीटरच्या होजचं कपलिंग सोडायचं तर दोन्ही बाजूंचे लग बोटांनी एकाच वेळी ओढावे लागतात. त्याच्या हातमोज्याची टोकं बोटांच्या पुढे चांगली दोन-अडीच सेंटिमीटर रिकामी होती. ती लगखाली जाऊन दुमडायची आणि पकड सुटायची. दोन-तीनदा प्रयत्न करून त्याने उजवा हातमोजा काढला आणि कोटाच्या खिशात कोंबला. होज जोडली, पाणी सोडायला सांगितलं, आणि धुरात उठताना आधारासाठी जिन्याचा लोखंडी कठडा धरला. तळहात आणि चारही बोटं भाजली. पुढे कित्येक महिने त्याची मूठ पुरती मिटत नव्हती.

अहवाल मी लिहिला. ‘सदर कर्मचाऱ्याने वैयक्तिक सुरक्षा साधनांचा वापर न केल्यामुळे इजा झाली आहे’ हे माझं वाक्य. कारणे दाखवा नोटीसही माझ्याच सहीने गेली. त्याचा खुलासा दोन ओळींचा होता: ‘साहेब, हे ग्लोव्हज घालून कपलिंग सुटत नाही. काढल्याशिवाय काम झालं नसतं.’ मी तो कागद फाइलला लावला आणि कामावर असताना हातमोजे काढू नयेत, असं परिपत्रक काढलं. भाजलेल्या माणसाने अपघाताचं कारण स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं. मी ते कारण म्हणून वाचलंच नाही, सबब म्हणून वाचलं.

केंद्रात एक जुने तांडेल होते. परिपत्रक वाचून दाखवल्यावर कवायतीच्या वेळी ते जवळ आले आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही एकदा भिजवून घाला ना.” बादलीत बुडवून ठेवलेला जोड त्यांनी पुढे केला. मी तो घातला आणि होजसमोर उकिडवा बसलो. भिजलेला हातमोजा केवढा जड होतो, याची मला कल्पना नव्हती. चामडं पाणी पिऊन सुजलं होतं, आतलं अस्तर बोटांना चिकटत होतं, लग हाताखाली आहे की नाही तेच कळत नव्हतं. कपलिंग काही सुटलं नाही. शेवटी हात बाहेर ओढला, तर अस्तर बोटांसकट उलटं होऊन हाताबरोबर बाहेर आलं. पुन्हा घालायला गेलो तेव्हा मधलं बोट आणि अनामिका एकाच खोबणीत शिरली. एकदा काढलेला हातमोजा आमची माणसं परत का घालत नाहीत, हे मला तिथे उकिडवं बसल्या बसल्या समजलं. तोपर्यंत मी त्याला निष्काळजीपणा म्हणत आलो होतो.

अस्तर बोटांच्या टोकाशी बाहेरच्या चामड्याला शिवलेलं किंवा पक्कं चिकटवलेलं नसेल, तर घामेजल्या हातावर ते असंच निघून येतं. हे विकत घेण्याआधी एका मिनिटात तपासता येतं. हात ओला करायचा, हातमोजा घालायचा, झटक्यात काढायचा आणि पुन्हा घालायचा. आम्ही हे कधी केलंच नव्हतं.

त्या फायरमनच्या सेवापुस्तकातली नोंद काढावी म्हणून मी वरिष्ठांना लेखी कळवलं. चूक खरेदीची आहे आणि खरेदीतली ती चूक माझी आहे, असं त्यात लिहिलं. नोंद निघाली, पण तोवर त्याची एक पदोन्नती हुकली होती. त्याला भेटून सगळं सांगितलं. तो चांगलं बोलला. माझ्या मनातून ते गेलेलं नाही.

मग आम्ही सगळ्यांचे हात मोजले. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खाचेपासून दोन सेंटिमीटर वर टेप गुंडाळून तळहाताचा घेर घ्यायचा, आणि मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी. घेर २०३ मिलिमीटर आणि लांबी १८२ असेल तर माप ८. घेर २२९, लांबी १९२ म्हणजे ९. घेर २५४, लांबी २०४ म्हणजे १०. आमचे बहुतेक हात ८ आणि ९मध्ये बसले, काही ७मध्ये. ‘लार्ज’च्या नावाखाली आम्ही सरसकट १० वाटले होते. घेर ९चा आणि बोटं ८ची, असेही बरेच निघाले. अशा हाताला कागदावर माप ठरवून देता येत नाही. दोन्ही मापं घालून कपलिंग सोडायला लावलं, तरच ते कळतं.

इथवर आल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. ढिला हातमोजा वाईट, म्हणून मी घट्ट बसणारा मागवला आणि दोन मापांमधल्या हातांना लहान माप दिलं. बोटं छान चालू लागली, जवान खूश झाले. काही महिन्यांनी मुठीच्या सांध्यांवर, बोटांच्या पाठीवर भाजल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाची नळी, धरताना मूठ आवळलेली असते. घट्ट हातमोज्याचे थर त्या जागी ताणून त्वचेवर दाबले जातात आणि थरांमध्ये अडकलेली हवा निघून जाते. हाताला वाचवते ती खरं तर ही हवा. तिच्या जागी पाणी शिरलं तर उष्णता वीसपटीहून अधिक वेगाने आत येते, आणि आगीजवळ त्याच पाण्याची वाफ होते. म्हणून आता आम्ही मूठ आवळून पाहतो. आवळलेल्या मुठीवर चामडं तणतणीत ताणलं जाता कामा नये, आणि उघड्या हाताच्या बोटांपुढे कपलिंगमध्ये अडकेल एवढं रिकामं टोक राहता कामा नये. या दोन्हींच्या मधली जागा अगदी थोडी आहे. ती प्रत्येक हातागणिक वेगळी असते.

टिकाऊपणाच्या बाबतीत मी पुरवठादाराला दोष देत आलो. वर्षभरात तळव्याची शिवण उसवते, चामडं पुठ्ठ्यासारखं कडक होतं, अशी लेखी तक्रारही केली होती. मग पावसाळ्यातली वर्दीवही नीट पाहिली. आगीपेक्षा झाडपडी जास्त, त्यात रस्त्यावरचे अपघात. फांद्या ओढायला, गाडीचा चेपलेला पत्रा वाकवायला, काचा उचलायला आमची माणसं आगीचेच हातमोजे वापरत होती, कारण दुसरे आम्ही दिलेच नव्हते. एका माणसाला दोन जोड कशाला, हा लेखा विभागाचा प्रश्न मला त्या वेळी रास्त वाटला होता. कुऱ्हाडीच्या दांड्याने घासलेला, डिझेल आणि ऑइल मुरलेला हातमोजा घेऊन माणूस आगीत जातो, तेव्हा त्याच्या हातात मानकातला हातमोजा उरलेला नसतो. बचावकार्यासाठी चामड्याचे साधे, पातळ आणि स्वस्त हातमोजे वेगळे दिले, तेव्हापासून आगीचे जोड पुष्कळ जास्त टिकू लागले.

सुकवण्यातही आम्ही चुकत होतो. वर्दीवरून आल्यावर ओले हातमोजे बंबाच्या बॉनेटवर नाहीतर गच्चीवर कडक उन्हात टाकायचे, ही जुनी सवय. भिजलेलं चामडं असं झपाट्याने वाळलं की आकसतं आणि ताठरतं, आणि ज्या अरामिड धाग्याची आपण जास्त किंमत मोजतो, तो उन्हातल्या अतिनील किरणांनी कमजोर होत जातो. सावलीत, वारा लागेल असे, बोटं वर करून खुंटीवर लावायचे, एवढंच करायला हवं होतं. धुण्याचं तर कोणी मनावरच घेत नव्हतं. काजळी जमलेला काळा हातमोजा म्हणजे मुरलेला फायरमन, असं केंद्रात मानलं जायचं. मीही मानायचो. त्याच हातमोज्यांनी बंबाचं स्टिअरिंग धरायचं, केबिनमध्ये डबा उघडायचा. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचं काम कर्करोगकारक गटात घातलं, तेव्हा मला पहिल्यांदा ते हातमोजे आठवले. त्यांच्यावरची काजळी कितीतरी वर्षं आमच्या लोकांच्या त्वचेवर आणि जेवणात जात होती, आणि केंद्रप्रमुख म्हणून मी ते रोज पाहत होतो.

पुढच्या खरेदीत आम्ही नमुन्याची चाचणी निविदेच्या अटींमध्येच लिहिली. आधी लिहिली नसेल तर नंतर ती कोणावर लादता येत नाही, आणि मग सर्वात कमी दराचा माल घ्यावा लागतो. हातमोजे भिजवून घालायचे. कपलिंग सोडायचं आणि जोडायचं. दोराला गाठ मारायची, वॉकीटॉकीवर बोलायचं, श्वसनसंचाची झडप फिरवायची. झटक्यात काढून परत घालायचे. हे सगळं वेगवेगळ्या मापांच्या हातांनी करायचं आणि ते करणारे फायरमन असायचे, समितीतले अधिकारी नव्हेत. यात पास झालेल्यांचेच दर उघडायचे. दोन पुरवठादारांनी यावर हरकत घेतली. एकाचा माल प्रयोगशाळेच्या अहवालात उत्तम होता, पण ओल्या हातावर त्याचं अस्तर निघालं. तो बाद झाला आणि त्यावरून बराच पत्रव्यवहार झाला. अट मात्र टिकली.

तरीही एक चूक राहिलीच. आमच्या दलात महिला अग्निशामकांची पहिली तुकडी आली, तेव्हा मापांच्या यादीत ७च्या खाली काही नव्हतं. त्यातल्या काहींचे हात ६चे होते. पुरवठादार म्हणाला, एवढ्या थोड्या जोडांसाठी वेगळं माप बनवणं परवडत नाही. मी ते मान्य केलं आणि हातमोजे येईपर्यंत त्या मुलींना नियंत्रण कक्षात बसवलं. सुरक्षेचा निर्णय आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्यातल्या एकीने विचारलं, “सर, आमचे हात लहान आहेत हे भरतीच्या दिवशीच मोजता आलं असतं ना?” मोजता आलं असतं. प्रशिक्षण पूर्ण केलेल्या मुलींना आगीपासून लांब ठेवलं ते माझ्या अपुऱ्या यादीने, आणि त्या काळात ब्रँचवर काम करण्याचा त्यांचा अनुभव मागे पडला. मग आसपासच्या नगरपालिकांना पत्रं लिहिली, त्यांच्याकडच्या लहान मापांची मागणी आमच्या मागणीत मिळवली आणि एकत्रित संख्या पुरवठादारापुढे ठेवली. तेवढ्यावर त्याने ६ क्रमांक बनवून दिला. आता आमच्याकडे प्रत्येकाचा हात भरतीच्या दिवशी मोजला जातो, आणि तो आकडा रक्तगटाशेजारी त्याच कार्डावर लिहिला जातो.