मुळी, गोळी आणि आवक-जावक

माझ्या मायला लहानपणी वरचेवर घसा सुजून ताप यायचा, मग सांधे धरायचे. त्या दुखण्याने तिच्या हृदयाची झडप खराब केली होती, हे आम्हाला कळायला तिची पन्नाशी उलटावी लागली. चार पावले चालली की दम लागे, पायांवर सूज येई, छातीत धडधड होई. डॉक्टरांनी डिगॉक्सिनची बारीकशी गोळी लिहून दिली. आठवड्यातले पाच दिवस घ्यायची, दोन दिवस खाडा. माय हसून म्हणायची, "माझ्या गोळीला तुझ्या हापिसापेक्षा जास्त सुट्ट्या हायेत."

ही गोष्ट 2012 सालची. गोळीने मायला आराम पडला होता. पण आठवडी बाजारात झाडपाला मांडून बसलेल्या एका माणसाने मला सांगितले, "विलायती गोळ्या गरम पडतात. ही पांढऱ्या कण्हेरीची मुळी घ्या, काळजाला बळ देते. झाडपाला आहे, अपाय काही नाही." मी बी.कॉम. झालेला, वस्तीत अंधश्रद्धेवर भाषणे करणारा कार्यकर्ता. जिला शेळीसुद्धा तोंड लावत नाही ती कण्हेर मला चांगली ठाऊक होती. तरी मी पुडी आणली. माय गोळीही घेत होती आणि काढाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "बाबू, भाकर पिवळी दिसायलीय रे." ताटात ज्वारीची पांढरीशुभ्र भाकर होती. रात्री उलट्या सुरू झाल्या. नाडी चाळिशीवर आली. आम्ही तिला घेऊन सरकारी दवाखाना गाठला. "गोळीशिवाय आणखी काय दिले?" डॉक्टरांनी विचारले. मी खाली मान घालून खिशातली पुडी काढली. ते म्हणाले, "अहो, गोळी आणि मुळी दोन्ही एकाच खानदानातल्या आहेत. तुम्ही आईला दुप्पट औषध पाजले."

चार दिवस माय दवाखान्यात होती. एका तरुण डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून सगळे समजावले. मी कारकून, म्हणून मला ते आवक-जावक वहीसारखे समजले.

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक पंप असतो. तो पेशीतले सोडियमचे तीन कण बाहेर काढतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. जावक तीन, आवक दोन. हे काम रात्रंदिवस चालते आणि शरीराच्या शक्तीचा मोठा हिस्सा त्यावर खर्च होतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी 1957 साली खेकड्याच्या मज्जातंतूंवर प्रयोग करून हे विकर शोधले. त्यासाठी त्यांना 1997 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

डिगॉक्सिन आणि कण्हेरीतले विष याच पंपावर जाऊन बसतात व त्याचे काम अडवतात. त्यांचा रासायनिक सांगाडा स्टेरॉईडचा असतो. पण दमा-सांधेदुखीवर देतात ते स्टेरॉईड हे नव्हे. पंप अडला की सोडियम पेशीत साचते. सोडियमच्या बदल्यात बाहेर जाणारे कॅल्शियमही मग आतच राहते. कॅल्शियम वाढले की हृदयाचा स्नायू जोराने आकसतो. शिवाय हे औषध हृदयाची फाजील धावपळ आवरते. थोडे पंप अडले तर थकलेल्या हृदयाला हात मिळतो. जास्त अडले तर ठोके चुकतात, नाडी मंदावते आणि हृदय थांबूही शकते. औषध आणि विष यांतले अंतर इथे फार थोडे आहे.

मग झाडपाला खोटा म्हणायचा का? तसेही नाही. इंग्लंडमधल्या एका म्हातारीच्या घरगुती काढ्यावरूनच विल्यम विदरिंग या डॉक्टरांना डिजिटॅलिस या झाडाचा गुण कळला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. दहा वर्षे त्यांनी रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, किती पानाने काय झाले ते लिहिले, कुठे फसले तेही लपवले नाही. 1785 साली त्याचे पुस्तक छापले. आपल्या आयुर्वेदानेही कण्हेरीला उपविषातच गणले आहे. बाजारातल्या पुडीवर ना माप होते, ना नोंद.

म्हणून आयाबहिणींना आणि बांधवांना हात जोडून सांगतो. घरात कुणाला डिगॉक्सिन चालू असेल तर कोणताही काढा किंवा दुसरी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. लघवी साफ होण्याच्या गोळीने पोटॅशियम कमी होते, आणि पोटॅशियम कमी झाले की डिगॉक्सिनचा जोर वाढतो. मूत्रपिंड अधू असेल तर औषध अंगात साठते. म्हणून सांगतील तेव्हा रक्त तपासून घ्या. भूक मेली, मळमळ सुरू झाली, पिवळे दिसू लागले, नाडी मंद झाली तर सकाळची वाट पाहू नका. लेकरे पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या घेऊन खेळतात. त्या तोंडात घालू देऊ नका. दवाखान्यात काय दिले ते लाजेपोटी लपवू नका. त्या रात्री मी पुडी खिशातच ठेवली असती तर काय झाले असते, हा विचार आजही झोप उडवतो.

माय त्यानंतर नऊ वर्षे जगली. गोळी घेतली की ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोळशाने एक रेघ ओढायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण तिची नोंद कधी चुकली नाही. चूक शिकलेल्या लेकाने केली होती.