फोरमनची निवड

लग्नघरांत खरा कारभारी कोण, हें पाहुण्यांना सहसा कळत नाहीं. पुढें बसून पानसुपारी देणारे गृहस्थ निराळे असतात, आणि आयत्या वेळीं दूध नासलें असतां कोणास न विचारतां सायकल काढून गवळ्याकडे धांवणारा भाचा निराळा असतो. हें मीं लहानपणापासून आमच्याच घरीं पाहिलें होतें. परंतु अंबरनाथच्या एका कारखान्यांत, नोकरवर्गाचा अधिकारी या नात्यानें, फोरमन निवडण्याची वेळ माझ्यावर आली, तेव्हां तें मला आठवलें नाहीं.

तें साल २०१८ होतें. कारखाना पंपांचे सुटे भाग करणारा, कामगार सत्तरएक. उमेदवार दोन. एक पदविका घेतलेला तरुण, बोलण्यांत चतुर आणि पोषाखांत नीटनेटका. दुसरा उल्हासनगराहून येणारा सिंधी फिटर, अठरा वर्षें नोकरी झालेला. त्याचें मराठी अडखळत चाले. प्रश्न विचारला कीं तो आधीं टेबलाकडे पाही, आणि पुष्कळदां "बघून सांगतो" एवढेंच म्हणे. आम्हीं तिघां परीक्षकांनीं वीस मिनिटांत निकाल दिला. तरुण फोरमन झाला.

पुढील वर्षीं, २७ जुलै २०१९ रोजीं, महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरांत बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली. आंत सुमारे एक हजार प्रवासी. आपत्ति-निवारण दलाचे व नौदलाचे लोक आले, सर्वजण सुखरूप बाहेर निघाले. पण त्यांच्याबरोबर लगतच्या गांवांतून जे लोक मदतीस धांवले, त्यांना कोणीं नेमलें होतें? मी बदलापूरचा. तें सारें ऐकून माझा ऊर भरून आला, आणि तरीहि आपला निर्णय पुन्हा तपासून पाहावा असें कांहीं मनांत आलें नाहीं.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली. लोकल गाड्या बंद, मालाचे ट्रक वाटेंत अडकलेले. आमचा फोरमन दिवसांतून दहा वेळां मला फोन करून विचारी, "साहेब, वरून कांहीं ऑर्डर आली का?" ऑर्डर देणाऱ्यांनाच काय करावें तें कळत नव्हतें! फिटरनें मात्र एक वही सुरू केली होती. कोणत्या खोलींत किती कामगार, कोणाजवळ किती दिवसांचा शिधा, कोण पायींच गांवीं निघण्याच्या बेतांत, कोणाच्या घरीं दुखणें. हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें. कारखाना पुन्हा उघडला तेव्हां त्या वहीवरूनच पहिली पाळी उभी राहिली.

मीं ओशाळून कपाटांतलीं मानसशास्त्राचीं पुस्तकें पुन्हा काढलीं. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यालाहि अगदीं हाच चटका बसला होता. मुलाखतींतील रुबाबावरून निवडलेले पुष्कळ उमेदवार शिक्षणाच्या काळांतच निरुपयोगी ठरून परत जात. म्हणून १९४२ मध्यें नवीं निवड-मंडळें निघालीं, आणि त्यांत विल्फ्रेड बायन या मनोविकारतज्ज्ञानें एक साधी युक्ति काढली. सात-आठ जणांस मिळून एखादें काम करावयास सांगावें. पुढारी मात्र कोणासहि नेमूं नये. परीक्षकानें बाजूला उभें राहून पाहावें. पुढें दोर, फळ्या व वासे देऊन अडथळा ओलांडण्याचीं कामें याच मंडळांत रुळलीं. कोण नुसता हुकूम सोडतो, कोण दुसऱ्याची सूचना ऐकतो, आणि कोण स्वतःचें मोठेपण विसरून दोर धरून उभा राहतो, हें न विचारतां दिसतें. १९४३ मध्यें ही पद्धति डेहराडूनला आली, आणि आपल्या सैन्याधिकाऱ्यांची निवड आजहि बव्हंशीं याच वळणावर होते. (त्या वेळीं आजचें उल्हासनगर म्हणजे कल्याण कँप ही लष्करी छावणीच होती. फाळणीनंतर तेथें सिंधी निर्वासित आले, आणि १९४९ मध्यें त्या वसाहतीस नवें नांव मिळालें. आमचा फिटर त्याच छावणीच्या एका बराकींत वाढलेला.)

मीं त्याला बोलावून फोरमनची जागा देऊं केली. तो नेहमींप्रमाणें टेबलाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "साहेब, मशीन न बघतां उत्तर देणाऱ्या माणसाची मला भीति वाटते. तुम्हांला तोच आवडला. पण आतां त्या पोराला काढूं नका. त्याला कोणीं शिकवलंच नाहीं."

हें मला अधिक लागलें. त्या तरुणाला मीं खुर्ची दिली होती, आणि नंतर दोन वर्षें ढुंकून पाहिलें नव्हतें. आपल्याला अमुक येत नाहीं असें म्हणण्याची आमच्या कचेरींत सोयच नव्हती; मग त्यानें वरच्या ऑर्डरची वाट पाहिली यांत नवल काय? एमी एडमंडसन या अमेरिकन विदुषीला १९९० नंतरच्या दशकांत रुग्णालयांची पाहणी करतांना आढळलें, कीं जेथें परिचारिकांचा जथा चांगला जमलेला असे, तेथें औषधांच्या चुका अधिक नोंदलेल्या असत. ती प्रथम बुचकळ्यांत पडली. मग उलगडा झाला, कीं तेथें चुका अधिक होत नसाव्यात, त्या लपविल्या जात नव्हत्या.

आम्हीं पंधरवड्यास एक बैठक ठेवली. वरिष्ठानें आधीं स्वतःची चूक सांगावी, असा नियम केला. पहिली पाळी माझी. फोरमन आणि फिटर समोर बसले असतां मीं २०१८ ची ती वीस मिनिटें सांगितलीं. फोरमनला म्हणालों, "चूक तुमच्यांत नव्हती, आमच्या निवडण्याच्या रीतींत होती." तो कांहीं बोलला नाहीं. मात्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो फिटरच्या यंत्राशीं उभा दिसला, हातांत वही घेऊन.

२०२२ मध्यें दुसऱ्या पाळीसाठीं मनुष्य हवा होता. या वेळीं सर्वांस तेच प्रश्न ठेवले, अर्धा दिवस प्रत्यक्ष काम दिलें, आणि परीक्षकांत फिटरलाहि बसविलें. त्याचा प्रश्न एकच होता, "तुला येत नाहीं असं काय आहे?"

दोघेजण हंसले. तिसऱ्यानें बोटें मोजावयास सुरुवात केली. तो चौथ्या बोटावर आला तेव्हां फिटरनें टेबलावरची नजर उचलून त्याच्याकडे पाहिलें.