उंबरठ्याबाहेरची चप्पल

दिसायला ती थोराडच. रुंद पंजा, जाड तळ, टाचेमागे पट्टा, वर वेल्क्रोचे बंद. अंगात खिळा एकही नाही. सगळं काम चिकटवून. टाचणी रुतलेली ज्या पायाला कळत नाही, त्याच्या चपलेत खिळा हवाय कशाला? डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती ‘एमसीआर’, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. घरच्यांसाठी डायबिटीसची चप्पल.

तिचं पूर्वायुष्य सहसा कोणी काढत नाही. ती मूळची कुष्ठरुग्णांची. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बधिर पाय त्याच जागेवर दाब सोसत चालत राहतो, म्हणून तिथे जखम होते. 1966 साली ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे मधुमेह्यांच्या बधिर पायांनाही हाच न्याय लागू पडला. पण जुनी बदनामी काही तिची पाठ सोडत नाही. लग्नकार्याला निघताना तिला घरी ठेवून टोकदार, चकचकीत काहीतरी पायात चढतंच.

उघड्या जखमेपुढे ती मोठेपणा सांगत नाही. तिथे मेलेली कातडी काढणं, पायाचा रक्तपुरवठा तपासणं, दाब हटवायला गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर, ही कामं डॉक्टरांची. तिची पाळी जखम भरल्यावर. नेमका तेव्हाच माणूस गाफील होतो. भरलेल्या जखमांपैकी सुमारे 40 टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात.

विरारला जीवदानीच्या गडावर मालक अनवाणी चढतो, ही पायथ्याशी बसून राहते. जुलैत वसईत पाणी तुंबलं की बिचारी भिजून जड होते. हे एक वेळ चालेल. तिची खरी हार घरात. चपला दाराबाहेर काढायची आपली रीत, आणि मधुमेही तर दिवसाचा बराच वेळ घरातल्या लादीवरच वावरतो: स्वयंपाकघर, मोरी, गॅलरी. तांदळातला खडा, फुटलेल्या बांगडीची काच तिथेच भेटते. रात्री उंदीर बोट कुरतडून गेला तरी सकाळी चादरीवरचं रक्त बघूनच कळतं. ती मात्र दाराबाहेर, रॅकवर, कोरी करकरीत.

तेव्हा घरात वापरायला वेगळा जोड घ्याच, आणि तो उंबरठ्याच्या आत ठेवा. पाय घालण्याआधी आतून हात फिरवून पाहा. नवा जोड सुरुवातीला तास-दोन तासच घाला, मग तळवे आरशात बघा. रबर दबून पातळ झालं की नवा जोड आणा, पट्टे कितीही चांगले असले तरी.