उरलेले तीन नमुने

रिव्ह्यूअर नंबर दोनचा सातवा मुद्दा एवढाच होता : लेखकांनी ४२ नमुने घेतल्याचं पद्धतीच्या विभागात म्हटलं आहे, तक्त्यात मात्र ३९ दिसतात. उरलेल्या तिनांचं काय झालं?

तो ईमेल मी विद्यापीठाच्या कँटीनमध्ये मोबाइलवर वाचला. समोरचे पोहे तसेच राहिले. त्या तिनांचं काय झालं, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. मला आणि माझ्या गाइडना.

माझं काम यवतमाळ जिल्ह्यातल्या, पांढरकवड्याच्या बाजूच्या भूजलावर होतं. तिथल्या पाण्यात फ्लोराइड आहे, हे जुनंच दुखणं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्यावर वर्षानुवर्षं गेलं की मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात, मोठ्यांची हाडं धरतात. पाणी खडकात जितका जास्त काळ मुरतं, तितकं फ्लोराइड त्यात उतरायला वाव. म्हणून खोल बोअरच्या पाण्यात ते जास्त आणि उथळ, उघड्या विहिरींत कमी, असा माझा अंदाज होता. २०१७च्या उन्हाळ्यात २१ बोअर आणि २१ विहिरींचं पाणी प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरून आणलं. काचेच्या बाटल्या फ्लोराइडला चालत नाहीत. पुढचे दोन महिने प्रयोगशाळेत इलेक्ट्रोड बुडवणं, आकडा स्थिर होईपर्यंत वाट बघणं, धुणं, पुन्हा बुडवणं.

अंदाज बरोबर निघाला. फक्त तीन विहिरी सोडून. अठरा विहिरी मुकाट १च्या आत होत्या आणि या तीन दोनच्या वर, थेट बोअरच्या घोळक्यात जाऊन बसलेल्या. त्यांच्यामुळे आलेख घाणेरडा दिसत होता.

सर म्हणाले, “बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. फील्डवर होतं असं. तू बघ काय ते.”

काढून टाक असं ते म्हणाले नाहीत, हे मला इथे नोंदवलंच पाहिजे. काढले मीच. एक्सेलमधल्या तीन ओळी डिलीट करायला कितीसा वेळ लागतो? आलेख एकदम देखणा झाला आणि मी निष्कर्षात ठणकावून लिहिलं की या भागात पिण्यासाठी उघड्या विहिरींना प्राधान्य द्यावं. पद्धतीच्या विभागातला ४२ तेवढा बदलायचा राहिला. खोटं बोलायचं तरी लक्ष देऊन बोलावं लागतं.

घाई होतीच. यूजीसीच्या २०१६च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी एक तरी शोधनिबंध छापून यावा लागायचा. (ही सक्ती २०२२मध्ये गेली. आम्हाला काय उपयोग?) आमच्या एका सीनियरनं पैसे भरले की चार दिवसांत स्वीकृतीपत्र देणारं जर्नल गाठलं होतं. २०१८च्या मे महिन्यात यूजीसीनं आपल्या यादीतून ४,३०५ जर्नलं एका फटक्यात काढली, त्यात त्याचंही गेलं. तेव्हा सर म्हणाले, आपण नीट ठिकाणी पाठवू, वेळ लागला तरी चालेल. आणि नीट ठिकाणी पाठवल्यामुळेच हा सातवा मुद्दा आला.

रिव्ह्यूअर म्हणजे आपल्याच विषयातलं कुणीतरी. नाव कळत नाही, बहुतेक वेळा त्याला पैसेही मिळत नाहीत. हे पात्र कुणालाच आवडत नाही. १९३६मध्ये आइनस्टाइन आणि रोझेन यांनी गुरुत्वीय लहरी नसतातच असं सांगणारा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. संपादकानं तो परस्पर दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवला म्हणून आइनस्टाइन इतके भडकले की त्यांनी तो परतच घेतला. चूक मात्र रिव्ह्यूअरनं बरोबर पकडली होती. दुरुस्त केलेला निबंध पुढे दुसरीकडे छापला गेला. मोठ्या माणसांचीही चिडचिड होते, एवढाच दिलासा मी त्यातून घेतला.

उत्तर द्यायला साठ दिवस होते. पहिल्याच रात्री मी टाइप केलं : ‘सदर तीन नमुने हाताळणीत दूषित झाल्याने वगळले.’ कुणी तपासायला येणार नव्हतं. बाटल्या केव्हाच रिकाम्या करून धुतल्या होत्या.

मग वहीत काहीतरी आधार सापडतो का बघावं म्हणून फील्डवरची वही उघडली. विहिरीच्या काठावरच आम्ही पाण्याची विद्युतवाहकता मोजायचो. बाटली भरायच्या आधी, जागेवर. त्या तीन विहिरींचे तिथले आकडेही बोअरसारखेच होते. पेन्सिलनं, माझ्याच अक्षरात लिहिलेले. म्हणजे बाटल्या बदललेल्या नव्हत्या. पाणीच तसं होतं.

शनिवारी एसटी पकडली.

पहिल्या विहिरीची मालकीण साठी उलटलेली. मी वाकून आत बघत होते तर म्हणाली, “काय पाह्यतं वं बाई? आटली होती ते. मंग पोरानं तळातच बोअर मारला.”

मी खालीच बसले. विहिरीच्या तळाला बोअर! वरून विहीर, आतून बोअर. बाकीच्या दोन्ही विहिरींचंही तेच निघालं. माझ्या फॉर्मवर दोनच चौकटी होत्या, ‘विहीर’ आणि ‘बोअर’, आणि मी वरून बघून एकीवर खूण केली होती. विचारलं असतं तर आजींनी तेव्हाच सांगितलं असतं.

“मागं हापशीले लाल रंग मारून गेले. तवापासून इथलंच पानी पेतो आमी,” आजी म्हणाल्या. त्यांचा नातू दारात उभा होता, आठ-नऊ वर्षांचा. तो हसला, आणि मला त्याच्या पुढच्या दातांवरचे पट्टे दिसले.

सरांना तिथूनच फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लिही.”

तक्ता नव्यानं केला, दोन रकान्यांचे तीन झाले. शीर्षक बदललं. विहिरींना प्राधान्य द्या हे वाक्य गेलं आणि स्रोत कसा बांधलाय ते तपासल्याशिवाय त्याला विहीर म्हणू नये, असं काहीसं आलं. आलेख पुन्हा घाणेरडा झाला. रिव्ह्यूअरला पाठवायच्या उत्तरात मी लिहिलं, की हे नमुने आम्ही सबळ कारणाशिवाय वगळले होते. सरांना तिथे ‘अनवधानाने’ हवं होतं. त्यावर आमचं वाजलं. ते माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे, आणि निबंधावर त्यांचंही नाव. मी गप्प बसले. संपादकांकडे फाइल त्यांच्या लॉगिनवरून जायची होती. दुसऱ्या दिवशी प्रत माझ्याकडे आली तेव्हा त्यात माझेच शब्द होते. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

निबंध चार महिन्यांनी आला. कुणालाही फुकट वाचता यावा म्हणून जर्नल जी फी मागत होतं, ती माझ्या सहा महिन्यांच्या फेलोशिपएवढी होती. त्यामुळे तो कुलपातच आहे. मी एका पानावर मराठीत गावापुरते आकडे लिहिले, ग्रामपंचायतीत दिले आणि एक प्रत घेऊन आजींकडे गेले.

त्यांनी कागद उलटसुलट केला. “मंग आता कोनतं पानी प्याव?”

निबंधात याचं उत्तर नव्हतं. तक्त्यात होतं. नाल्यापलीकडची विहीर, क्रमांक १७, आत बोअर नाही, फ्लोराइड १च्या आत. मी हात करून दाखवली.

“थे तं माह्या देराची हाये,” आजी म्हणाल्या. “सात वर्स झाले, बोलनं नाही आमचं.”

मी काहीच बोलले नाही. त्यांनी कागदाची घडी घालून कमरेला खोचली.

“पोट्ट्याले धाडून पाह्यतो,” म्हणाल्या.