खरखर झाली की कापूस झाका

आमच्या घरात रेडिओ लावायचा हक्क आजोबांचा, फिरवायचा आम्हा पोरांचा. लावणं म्हणजे बटण. फिरवणं म्हणजे अख्खा ट्रान्झिस्टरच. दारव्ह्याकडच्या त्या घरात तो जरा तिरपा केला की नागपूर लागायचं, सरळ केला की निवेदक विहिरीत पडायचा. आत तारेचे वेढे घातलेली फेराइटची कांडी असते. तिचं टोक केंद्राकडे आलं की आवाज मरतो, ती आडवी झाली की उठतो. हे कॉलेजात कळलं. तेव्हा चुलीपाशी बसलेल्या आजीचं "थोडा इकडं फिरव न त्याले" पुरायचं. सेल उतरले की उन्हात ठेवायचे, हेही शास्त्र तिचंच.

नागपूर केंद्र १९४८ सालचं. ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे एकेक लहर जवळपास ५१३ मीटरची. एवढी लांब लहर जमिनीला धरून टेकड्या ओलांडत येते, म्हणून नागपूर भरदुपारी आमच्या ओट्यावर. रात्री तऱ्हाच निराळी. दिवसा लहरी गिळणारा वरचा थर सूर्य बुडाला की विरतो, आणि आभाळावरून परतलेली कुठली कुठली केंद्रं एकमेकांच्या अंगावर चढायची. बुधवारी शॉर्ट वेव्हवर बिनाका गीतमालेसाठी काटा केसभर सरकवताना तर कोणी श्वास घ्यायचा नाही.

पण आमच्याकडे रेडिओची खरी किंमत खरखरीत होती. नागपूर यायचं एएमवर, आणि एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो. दूर कुठं वीज कडाडली की तीही त्या उंचीत भर घालते. निवेदक कोण नि वीज कोण, सेटला कळत नाही.

दिवाळीनंतर वेचलेला कापूस अंगणात. आभाळ कोरडं ठाक. बाजारभाव चालू असताना मध्येच कड्, कड्. आजोबा कापसाचा भाव अर्धा सोडून उठायचे. "पाणी येऊन राह्यलं. ताडपत्री आना बे!" कधी तासाभरात पाऊस यायचा. कधी टिपूसही नाही, आणि आई दिवसभर पुटपुटत ताडपत्रीची घडी घालायची.

पुढे यवतमाळचं आकाशवाणी केंद्र एफएमवर सुरू झालं. तिथं आवाज लहरीच्या उंचीत नसतो, तिच्या वारंवारतेच्या कमी-जास्त होण्यात असतो. वीज शिरायला वावच फारसा नाही. काकांनी हौसेनं नवा सेट आणला. गाणं काचेसारखं स्वच्छ. आजोबांनी दोन दिवस ऐकलं, तिसऱ्या दिवशी जुना सेट पुन्हा ओट्यावर आणून ठेवला.

"गानं बेस आहे," म्हणाले. "पन हा पान्याचं सांगत नाही."